डिझेल पिकअपचा पंप बदलायचाय? लिफ्ट पंप, बायपास किट की सीपी३

चढावर ट्रेलर ओढताना गाडी दम टाकायला लागली किंवा सकाळी सेल्फ लांबायला लागला, की पहिला संशय इंजेक्टरना जबर दाबाने डिझेल पुरवणाऱ्या हाय प्रेशर पंपावर जातो आणि मालक थेट मोठ्या पंपाच्या किमती बघायला लागतो. माझं मत वेगळं आहे. डिझेल पिकअपमध्ये पैसे आधी टाकीपासून हाय प्रेशर पंपाच्या तोंडापर्यंतच्या भागावर घालावेत. हाय प्रेशर पंपाला हात लावायचा की नाही, हे त्या पंपाची जात आणि स्कॅनरवरचे आकडे बघून नंतर ठरवावं. इथे रॅमचं कमिन्स, जीएमचं ड्युरामॅक्स आणि फोर्डचं ६.७ लिटर पॉवर स्ट्रोक या अमेरिकन पिकअपमधल्या तीन इंजिनांपुरतंच बोलतो, कारण हा प्रश्न सर्वांत जास्त त्यांच्याच मालकांना पडतो.

आधी तुमच्या गाडीत कोणता पंप आहे ते बघा

ड्युरामॅक्सला २००१ ते २०१० पर्यंत बॉशचा सीपी३ पंप होता. २०११ ते २०१६ च्या एलएमएल इंजिनात सीपी४.२ आला. २०१७ पासूनच्या एल५पी मध्ये डेन्सोचा एचपी४ आहे आणि टाकीत कंपनीचाच लिफ्ट पंप, म्हणजे टाकीतलं डिझेल हाय प्रेशर पंपाकडे ढकलणारा इलेक्ट्रिक पंप, आहे. फोर्डच्या ६.७ मध्ये २०११ पासून सीपी४.२. कमिन्सने २००३ पासून २०१८ पर्यंत सीपी३ वापरला, २०१९ आणि २०२० मध्ये सीपी४.२ घातला आणि २०२१ मध्ये पुन्हा सीपी३ वर आलं. इतकंच नाही, तर २०२१ च्या अखेरीस त्या दोन वर्षांच्या रॅम गाड्या रिकॉल झाल्या आणि सीपी४ काढून सीपी३ बसवून देण्यात आला. तुमची रॅम २०१९ किंवा २०२० ची असेल, तर खिशातून एक डॉलरही काढण्याआधी व्हीआयएन (गाडीचा ओळख क्रमांक) टाकून रिकॉलचं काम झालंय का ते तपासा.

सीपी३ मध्ये तीन पिस्टन १२० अंशांवर असतात आणि पाठीमागे एक गिअर पंप जोडलेला असतो, जो टाकीतून डिझेल ओढतो. सीपी४.२ मध्ये दोनच पिस्टन, कॅमवर फिरणारे रोलर असलेले टॅपेट, म्हणजे पिस्टनला ढकलणारे भाग. हा रोलर कॅमवर सरळ फिरत राहिला तोवर सगळं ठीक. डिझेलमध्ये पाणी किंवा हवा आली, वंगणपणा कमी पडला किंवा टॅपेट स्वतःभोवती वळला, की रोलर फिरायचा थांबतो आणि कॅमला घासायला लागतो. त्यातून निघणारा धातूचा कीस रेलमध्ये (सगळ्या इंजेक्टरना डिझेल पुरवणाऱ्या जाड नळीत), तिथून इंजेक्टरमध्ये आणि रिटर्न लाइनने टाकीतही जातो. म्हणून सीपी४ गेला की बिल एका पंपाचं येत नाही. सगळे इंजेक्टर, रेल, पाइप आणि टाकीची सफाई असं सगळं त्यात येतं, आणि हजारो डॉलर जातात. सीपी३ सुद्धा झिजतो, पण सहसा हळूहळू दाब कमी करत जातो आणि आपल्याला सावध व्हायला वेळ देतो.

लिफ्ट पंप: जवळजवळ प्रत्येकासाठी पहिला खर्च

२००१ ते २०१६ च्या ड्युरामॅक्समध्ये कंपनीने इलेक्ट्रिक लिफ्ट पंप दिलेलाच नाही. हाय प्रेशर पंप चॅसीच्या कडेने आलेल्या लांब पाइपातून आणि फिल्टरमधून डिझेल ओढून घेतो, म्हणजे सगळी लाइन व्हॅक्यूमवर चालते. अशा लाइनला बारीकशी चीर पडली तरी डिझेल बाहेर गळत नाही. उलट हवा आत जाते आणि जमिनीवर थेंबही न दिसता गाडी सुरू व्हायला त्रास देते. फिल्टरवरच्या हँड प्रायमरचं सील गेलं तरी हेच होतं. लिफ्ट पंप बसवला की लाइन दाबावर येते. आता गळती असली तर दिसते, हवा आत शिरत नाही आणि हाय प्रेशर पंपाला भरपूर, थंड, गाळलेलं डिझेल मिळतं. एलएमएलच्या मालकाला मी याहून महत्त्वाचा खर्च सांगणार नाही.

फास आणि एअरडॉग ही या बाजारातली दोन मोठी नावं. दोघांच्या संचात पाणी वेगळं करणारा फिल्टर आणि बारीक फिल्टर असे दोन टप्पे असतात, आणि डिझेलमध्ये मिसळलेली हवा टाकीकडे परत पाठवण्याची सोय असते. दोघांची तुलना करताना लोक तासाला किती गॅलन यावर अडकतात, म्हणून एक हिशेब करून बघू. सुमारे ३०० किलोवॉट, म्हणजे ४०० हॉर्सपॉवरचं डिझेल इंजिन पूर्ण ताकदीवर दर किलोवॉट-तासाला साधारण २२० ग्रॅम डिझेल जाळतं, असं धरा. तासाला ६६ किलो झालं, म्हणजे ८० लिटरच्या आसपास. तासाला १०० गॅलनचा पंप सुमारे ३८० लिटर देतो, म्हणजे जळणाच्या जवळपास पाचपट. उरलेलं डिझेल पंपाला गार ठेवून, वंगण देऊन परत जातं. तेव्हा कंपनीच्या ताकदीवर किंवा थोड्या ट्यूनिंगवर चालणाऱ्या गाडीला १०० चा पंप पुरतो. १५० किंवा १६५ चा पंप घ्यायचा तो इंजेक्टर मोठे केले असतील किंवा पुढे करायचे असतील तरच. जास्त दाबाचाही हव्यास नको. ड्युरामॅक्सच्या सीपी३ ला ८ ते १० पीएसआय भरपूर होतात.

प्रवाहापेक्षा टाकीतून डिझेल कसं घ्यायचं हा निर्णय जास्त त्रास देतो किंवा वाचवतो. टाकीच्या तळाला भोक पाडून सम्प, म्हणजे डिझेल घेणारी वाटी, बसवली की शेवटच्या थेंबापर्यंत डिझेल मिळतं, पण टाकीतलं पाणी आणि गाळही तिथेच येऊन बसतो, आणि सम्प गाडीखाली दगड-धोंड्यांच्या तोंडी राहतो. वरून नळी सोडली तर हा धोका नाही. मात्र नळी तळापासून जास्त उंच कापली, तर पाव टाकीवर चढ लागताच हवा ओढली जाते आणि गाडी मिसिंग करते. कच्च्या रस्त्यावर गाडी नेणाऱ्याने नळीच घ्यावी आणि ती कापताना घाई करू नये.

सीपी४ असेल तर: बायपास किट आणि सीपी३ समोरासमोर

खरी द्विधा इथे आहे. सीपी४ मध्ये येणारं डिझेल पंपाच्या पोटातून, कॅम आणि टॅपेटला धुऊन, त्यातलंच पुढे पिस्टनकडे जातं. म्हणजे कीस पडला की तो थेट पुढे. बायपास किट ही वाट बदलतं. पिस्टनला गाळलेलं डिझेल वेगळं मिळतं आणि कॅमवरून गेलेलं डिझेल फिल्टरमधून टाकीकडे परत जातं. पंप मरायचा तेव्हा मरतोच, पण बाकीची सिस्टिम वाचते. किंमत पूर्ण बदलाच्या मानाने फार थोडी आणि काम एका दिवसाचं.

सीपी३ बसवला की दुखण्याचं मूळच जातं. पण ड्युरामॅक्समध्ये पंप इंजिनाच्या व्हीच्या खोबणीत, इनटेकच्या खाली बसतो. तिथपर्यंत पोचायलाच बरंच उघडावं लागतं, त्यामुळे बिलात मजुरीचा वाटा मोठा असतो. किटनुसार ईसीएमची (इंजिनाच्या कॉम्प्युटरची) सेटिंग बदलावी लागू शकते, आणि बहुतेक किट लिफ्ट पंप आहे असं गृहीत धरूनच बनवलेली असतात. कॅलिफोर्नियात गाडी असेल तर त्या किटला कार्बचा (तिथल्या प्रदूषण नियंत्रण मंडळाचा) एक्झिक्युटिव्ह ऑर्डर, म्हणजे मंजुरी, क्रमांक आहे का ते विकत घेण्याआधी बघा.

माझा सल्ला असा. पंप ठणठणीत आहे, गाडी कंपनीच्या ताकदीवर आहे, पाच-सहा वर्षांत विकायची आहे, तर लिफ्ट पंप आणि बायपास किट घ्या. दुसऱ्या कुठल्या कामासाठी इंजिनाची ती खोबण उघडलीच आहे, किंवा गाडी मरेपर्यंत ठेवायची आहे, तर त्याच वेळी सीपी३ घाला. मजुरी दोनदा देऊ नका. आणि पंपात जाणारं डिझेल मोजून सोडणारा मीटरिंग व्हॉल्व्ह काढल्यावर त्याच्या जाळीवर चमकणारे कण दिसले, तर बायपास किटची वेळ निघून गेलेली आहे. नवा पंप जुन्या, कीस भरलेल्या रेलवर आणि इंजेक्टरवर बसवणं म्हणजे नव्या पंपाचीही वाट लावणं.

फोर्डच्या ६.७ मध्ये सीपी३ बसवणं इतकं सरळ नाही. तिथे लिफ्ट पंप कंपनीचाच असतो, त्यामुळे बायपास किट किंवा सीपी४ च्याच जागी बसणारा स्टॅनाडाइनचा डीसीआर पंप, हे दोनच व्यवहार्य मार्ग आहेत. लांब टोइंग करणाऱ्याने डीसीआरचा विचार गंभीरपणे करावा.

व्हीपी४४ वाले

१९९८ च्या मध्यापासून २००२ पर्यंतच्या २४ व्हॉल्व्हच्या कमिन्समध्ये व्हीपी४४ हा इंजेक्शन पंप आहे. त्याचा इलेक्ट्रॉनिक भाग पंपातून वाहणाऱ्या डिझेलवरच गार राहतो. लिफ्ट पंप मेला तर गाडी काही काळ चालत राहते आणि तेवढ्यात महागडा पंप जातो. इथे लिफ्ट पंपाचा दाब दाखवणारं गेज नसेल तर आधी ते बसवा. पूर्ण लोडवरही १० पीएसआयच्या खाली काटा जाऊ देऊ नका. जुन्या १२ व्हॉल्व्हचा पी७१०० पंप बसवायचा मोह अनेकांना होतो. तो पूर्ण यांत्रिक आणि दणकट आहे, पण ते काम रोजच्या गाडीसाठी फार मोठं आहे.

ताकदीसाठी लांब स्ट्रोकचा सीपी३ किंवा जोडीने दोन सीपी३ हे रेसिंगवाल्यांचे विषय. इंजेक्टर कंपनीचेच असतील तर त्यांचा उपयोग नाही.

खर्चाआधीची तपासणी

स्कॅनर लावून लोडवर कॉम्प्युटरने मागितलेलं आणि प्रत्यक्ष मिळालेलं रेल प्रेशर एकत्र बघा. दोन्ही सोबत चढत असतील तर हाय प्रेशर पंप दोषी नाही. मिळालेलं मागे पडत असेल, तरी आधी फिल्टर बदला, मग इंजेक्टरमधून परत जाणारं डिझेल (रिटर्न) मोजा, मग रेलवरचा रिलीफ व्हॉल्व्ह गळतोय का ते बघा. एखादा इंजेक्टर आतून गळत असला की चांगला पंपही हरतो.

डिझेलकडेही लक्ष द्या. अमेरिकेतल्या मानकात वंगणपणाच्या चाचणीत झिजेचा डाग ५२० मायक्रॉनपर्यंत चालतो, तर युरोपच्या मानकात ४६०. म्हणजे अमेरिकन डिझेलला झिजवायची सूट जास्त आहे. २ टक्के बायोडिझेलसुद्धा हा फरक भरून काढायला मदत करतं, म्हणून सीपी४ वाल्याने वंगण वाढवणारं अॅडिटिव्ह किंवा थोडं बायोडिझेल असलेलं इंधन नियमाने वापरावं.

पंप कोणताही बसवा, काम संपल्यावर कोरड्या पंपावर सेल्फ मारत बसू नका. लिफ्ट पंप किंवा हँड प्रायमर चालवून आधी सगळी हवा काढा, रिटर्नला सलग डिझेल येऊ द्या, मगच किल्ली फिरवा. पहिला फिल्टर नेहमीच्या मुदतीच्या निम्म्यातच काढा, कापून उघडा आणि घड्यांमधला गाळ पांढऱ्या कागदावर झटकून चुंबक फिरवून बघा.