चासीला रिव्हेट मारावा की बोल्ट टाकावा?

टिपरचे पाटे (लीफ स्प्रिंग) चासीला ज्यावर टांगलेले असतात त्या हँगर ब्रॅकेटभोवती गंजाची विटकरी भुकटी दिसू लागली की समजावं, आत रिव्हेट (पत्रे जोडणारी, दोन्ही टोकांना डोकं असलेली बिनआट्याची खीळ) हलतोय. हातोडीनं ठोकून पाहा. घट्ट रिव्हेट खणखणतो, ढिला बद्द वाजतो. मग मिस्त्री विचारतो, "रिबीट काढून बोल्ट टाकू का?" आणि टिपरच्या मालकाला वाटतं, कंपनीनं रिव्हेट मारले ते काय उगाच?

उगाच नाहीच. कारखान्यात रिव्हेट थंडच, हायड्रॉलिक प्रेसनं दाबतात. दाबाखाली तो फुगून अख्खं भोक भरतो, ब्रॅकेटला सरकायला जागाच उरत नाही. आटे नाहीत, त्यामुळे उलटा फिरून सुटायचीही भीती नाही. पण ही सगळी करामत प्रेसची. गॅरेजात तापवून घणानं ठोकलेला रिव्हेट निवताना पत्रे आवळतो खरा, पण जाडीतही आकसतो. त्यात कमी तापला किंवा तिरका बसला तर आत पोकळी राहते आणि वरून डोकं मात्र झकास दिसतं.

बोल्ट पत्रे आवळून धरतो, त्यांच्यातलं घर्षण भार पेलतं. ताकदीत तो कमी नाही. डोक्यावर ८.८ हा दर्जाचा आकडा असेल तर ताणशक्ती ८०० मेगापास्कल, १०.९ असेल तर १०००; रिव्हेटचं मऊ पोलाद याच्या जवळपासही जात नाही. घोळ होतो तो भोकात. १६ मिमीच्या बोल्टला नेहमीचं भोक साडेसतराचं. आवळण थोडी सैल झाली की तेवढ्या दीड मिमीत ब्रॅकेट खेळतो, आणि शेजारचे रिव्हेट एकटेच भार ओढत बसतात. म्हणून १४ च्या रिव्हेटचं भोक अंडाकृती झालं असेल, तर ते १६ ला रीम करून (रीमरनं नेमक्या मापाला गोल कापून) अंगासरशी बसणारा बोल्टच घ्या. आटे पत्र्यांच्या सांध्यात येता कामा नयेत, तिथे बोल्टचा गुळगुळीत दांडाच हवा. सांध्यातला जाड रंग खरवडा, नाहीतर तो दबतो आणि बोल्ट सैल पडतो. कडक वॉशर, नवा लॉकनट, टॉर्क पाना (ठरलेल्या जोरानं आवळणारा). स्प्रिंग वॉशरवर भिस्त ठेवू नका. गाडी भरून चालवल्यावर टॉर्क पुन्हा तपासा.

माझा कौल बोल्टला. मात्र नट पाट्याला घासत असेल किंवा चासीच्या वरच्या पट्टीवर बॉडी टेकत असेल, तिथे रिव्हेटच हवा; त्यासाठी प्रेस असलेलं वर्कशॉप गाठा.

जुना रिव्हेट गॅसकटरनं काढू देऊ नका, त्या आचेनं चासीचं पोलाद बिघडतं. डोकं ग्राइंडरनं घासायचं, मधोमध बारीक ड्रिल मारायचं, मग पंचानं बाहेर ठोकायचा. भोक मोकळं झालं की कड पुसून बॅटरीच्या उजेडात नीट बघा. केसाएवढी चीर दिसली तर रिव्हेट की बोल्ट हा वाद तिथेच थांबवा, आधी चिरेचं काम.