व्हॅलोरंट: खेळ फुकट, मग पैसे घालायचे कुठे?

पैसे मोजून कुणाची गोळी जास्त जोरात लागते का, हा ऑनलाइन शूटरला विचारायचा पहिला प्रश्न. रायट गेम्सच्या व्हॅलोरंटपुरतं उत्तर सरळ आहे: नाही. जून २०२० मध्ये आलेला हा पाच विरुद्ध पाच खेळ फुकट उतरवता येतो आणि फुकट खेळणाऱ्याची व्हँडल (खेळातली एक रायफल) दुकानातल्या सर्वांत महागड्या व्हँडलइतकाच मार देते. डोक्यात १६०, अंगात ४०, पायात ३४, अंतर कितीही असो. जड शील्ड घातलेल्या माणसाचं हेल्थ आणि शील्ड मिळून १५० होतं, म्हणजे डोक्यात एक गोळी पुरे. रंग, आवाज, शेवटच्या बळीनंतर उठणारा ड्रॅगन, सगळी वरवरची सजावट.

सामन्याच्या आतलं अर्थकारणही नीट बेतलेलं आहे. सुरुवातीला सगळ्यांच्या हाती ८०० क्रेडिट्स. व्हँडल २९००, जड शील्ड १०००. राउंड जिंकलात तर ३०००, हरलात तर १९००, सलग हरत गेलात तर ही रक्कम २४०० आणि मग २९०० होते. हरणारा संघ त्यामुळे कायमचा कफल्लक होत नाही. नवखे मात्र हरल्या हरल्या उरलेले पैसे स्पेक्टरसारख्या स्वस्त बंदुकीवर उधळतात आणि पुढच्या राउंडलाही अर्धवटच राहतात. ‘सेव्ह’, म्हणजे या राउंडला खरेदी टाळून पैसे राखायचे, असं म्हटलं की पाचही जणांनी सेव्ह करायचं. एकट्याने घेतलेली बंदूक बहुधा शत्रूच्याच हाती पडते.

पैशाचा थोडाफार वास येतो तो एजंटांपाशी, म्हणजे खेळायच्या पात्रांपाशी. सुरुवातीला पाचच मिळतात, बाकी प्रत्येकी ८००० किंगडम क्रेडिट्सना उघडावे लागतात. हे क्रेडिट्स खेळून मिळतात, पण १०,००० च्या वर साठत नाहीत; मर्यादा गाठली की पुढची कमाई वाया. त्यामुळे ८००० झाले की लगेच एजंट घ्या. घाई असेल तर १००० व्हीपी (व्हॅलोरंट पॉइंट्स, खऱ्या पैशांनी घ्यायचं चलन) देऊन घेता येतो, पण तसं करण्याचं कारण नाही. घरात कुणाकडे गेम पास (मायक्रोसॉफ्टची खेळांची वर्गणी) असेल तर त्याने आपलं रायट खातं त्याला जोडावं, सगळे एजंट आपोआप खुले होतात. रँक्ड (क्रमवारीचे सामने) खेळायला खातं २० व्या लेव्हलला न्यावंच लागतं, तोवर एक-दोन एजंट सहज पदरात पडतात.

आता दुकान. इथे हिशेब मुद्दाम अवघड केलेला आहे. बंदुकीच्या प्रीमियम स्किनला (सजावटीला) १७७५ व्हीपी पडतात. अमेरिकेतल्या दरपत्रकात ४७५ व्हीपी ४.९९ डॉलरना, १००० व्हीपी ९.९९ ना आणि २०५० व्हीपी १९.९९ ना मिळतात. १७७५ नेमके कुठल्याच पाकिटांच्या बेरजेत बसत नाहीत. दोन ४७५ ची आणि एक १००० चं घेतलंत तर १७५ उरतात, २०५० चं घेतलंत तर २७५. हे उरलेले व्हीपी पुढच्या खरेदीचं आमिष. रोज चार स्किन दिसतात आणि २४ तासांत बदलतात, म्हणजे हवी ती कधी येईल याचा नेम नाही. त्यातून स्किन घेतली तरी ती अपुरीच: आवाज, अ‍ॅनिमेशन, फिनिशर (शेवटच्या बळीनंतरचा देखावा) यांच्या पायऱ्या चढायला रेडियनाइट हे वेगळं चलन लागतं, आणि दुकानात २० रेडियनाइटला १६०० व्हीपी मोजावे लागतात. जवळजवळ आणखी एका स्किनची किंमत! शुद्ध लूट. रेडियनाइट हवंच असेल तर १००० व्हीपीचा बॅटल पास (खेळत पायऱ्या चढाल तशी बक्षिसं देणारा) घ्या, तो त्यातल्या त्यात परवडतो. तोसुद्धा हंगाम संपत आल्यावर, आपण ५० पायऱ्यांपैकी किती चढलो ते पाहून घ्यावा. चढलेल्या पायऱ्यांची बक्षिसं मागाहून घेतलेल्या पासवरही मिळतात.

व्हॅलोरंटमधली स्किन विकता येत नाही. काउंटर-स्ट्राइक २ या दुसऱ्या शूटरमध्ये विकता येते, पण स्टीम या ऑनलाइन खेळदुकानाच्या बाजारात १५ टक्के कापले जातात आणि पैसे स्टीमच्या पाकिटातच अडकतात. शिवाय तिथल्या केस (आत काय निघेल ते न कळणाऱ्या बंद पेट्या) उघडणं म्हणजे मटकाच. चीनमध्ये जाहीर झालेल्या शक्यतांनुसार चाकू किंवा हातमोजे निघण्याची शक्यता ०.२६ टक्के, आणि प्रत्येक किल्लीला २.४९ डॉलर. व्हॅलोरंट महाग आहे, पण निदान काय घेतोय ते आधी दिसतं.

फसवणूक रोखण्याच्या बाबतीत व्हॅलोरंट उजवा आहे. भिंतीआडचा शत्रू कुठे आहे ही माहिती सर्व्हर शक्यतो तुमच्या संगणकाकडे पाठवतच नाही, त्यामुळे भिंतीपलीकडचं दाखवणाऱ्या हॅकला फारसं काही सापडत नाही. व्हॅनगार्ड हा पहारेकरी विंडोजसोबतच, कर्नलच्या म्हणजे विंडोजच्या गाभ्याच्या पातळीवर सुरू होतो. ज्यांना हे खपत नाही त्यांनी खेळ उतरवूच नये. मधला मार्ग नाही, आणि लिनक्सवर तर तो चालतच नाही.

विंडोज ११ वर व्हॅन ९००१ किंवा ९००३ हा व्हॅनगार्डचा एरर आला तर सिक्युअर बूट किंवा टीपीएम २.० या संगणकाच्या सुरक्षेच्या सोयींपैकी काहीतरी बंद असतं. आधी ‘सिस्टिम इन्फर्मेशन’ उघडून बायोस मोड (संगणक सुरू होण्याची पद्धत) यूईएफआय आहे का ते पाहा. ‘लेगसी’ दिसलं तर घाईने बायोसमध्ये जाऊन सिक्युअर बूट चालू करू नका. डिस्कची मांडणी जुन्या एमबीआर पद्धतीची असेल तर ती आधी नव्या जीपीटीत बदलावी लागते, नाहीतर विंडोज उघडणारच नाही. बिटलॉकर (विंडोजचं डिस्कला लागणारं कुलूप) चालू असेल तर त्याची रिकव्हरी की आधी लिहून ठेवा. टीपीएमला इंटेलच्या बोर्डवर पीटीटी म्हणतात, एएमडीच्या बोर्डवर एफटीपीएम.

खरी विषमता दुकानात नाही, खोलीत आहे. ६० हर्ट्‌झच्या पडद्यावर नवं चित्र १६.७ मिलिसेकंदांनी येतं, १४४ हर्ट्‌झवर ६.९ मिलिसेकंदांनी. कोपऱ्यातून बाहेर पडणारा उभ्या माणसाला आधी पाहतो, कारण त्याची हालचाल सर्व्हरमार्गे तुमच्यापर्यंत पोचायला वेळ लागतो. पिंग, म्हणजे सर्व्हरपर्यंत जाऊन यायला लागणारा वेळ, वाढलं की हा फायदाही वाढतो. मुंबईत सर्व्हर असल्यामुळे पुणे-नाशिककडच्या फायबरवाल्याला पिंगची चिंता नसते. तरीही अडखळत असेल तर संशय वाय-फायवर घ्यावा. सेटिंगमधून नेटवर्क आरटीटी (जाण्यायेण्याचा तोच वेळ) आणि पॅकेट लॉस (वाटेत हरवणारी माहिती) पडद्यावर लावा. आरटीटी सारखा वर-खाली होत असेल तर लॅन केबल टाका. स्किनच्या किमतीच्या एका अंशात काम होतं. केबल शक्यच नसेल तर नेटवर्क बफरिंग ‘मॉडरेट’ करून पाहा, थोडा उशीर वाढेल पण धक्के कमी होतील. लॉबीत सर्व्हरच्या यादीत मुंबई तेवढीच ठेवा, नाहीतर अधूनमधून सिंगापूरला फेकले जाल. परदेशात दुसऱ्या विभागात उघडलेलं खातं मात्र इथल्या मित्रांसोबत बसत नाही, हे नातेवाइकांना आधीच सांगून ठेवलेलं बरं.

स्मर्फचा त्रास आहेच. वरच्या दर्जाचा खेळाडू नवं खातं काढून खालच्या रँकमध्ये उतरतो आणि लेव्हल २० ची अट त्याला काही फार दिवस रोखत नाही. त्यावर खेळाडूच्या हातात तक्रारीपलीकडे काही नाही.

शेवटी खरेदीपुरतं: घेतलेली स्किन सामन्यात वापरली नसेल आणि तिच्या पायऱ्या चढवल्या नसतील तर १४ दिवसांत परत करता येते, म्हणून आवडली तरी लगेच वापरू नका. टेलिग्रामवर अर्ध्या किमतीत मिळणारे व्हीपी घेऊ नका. ते बरेचदा चोरीच्या कार्डावरचे असतात. मूळ कार्डधारकाने पैसे परत मागितले की खातं गोठतं ते तुमचं, विकणाऱ्याचं नाही.