परभणीतले फौजी डॉक्टर: दाढ निघाली, गोष्ट अर्धी राहिली

तीन दिवस दाढ ठणकत होती. तात्यांनी वसमत रोडवरच्या या दवाखान्यात पिटाळलं. डॉक्टर लष्करातून निवृत्त झालेले, 1987 ला भारतानं श्रीलंकेत पाठवलेल्या शांतिसेनेबरोबर तिकडं, जाफन्याकडं होते. भूल चढेस्तोवर तेच सांगत बसतात. आपलं तोंड उघडं, त्यामुळं विचारता काहीच येत नाही!

तंबूत घडीची खुर्ची, पायानं चालवायचं ड्रिल. “दात कमी, फुटलेले जबडेच जास्त,” म्हणाले. सुरुंगाच्या ठिकरीनं जबडा मोडला की वरचे-खालचे दात तारेनं एकमेकांला बांधून टाकायचे. हाड जुळेपर्यंत काही आठवडे जवान नुसत्या पातळ पेजेवर. उशाशी तार कापायचा पक्कड कायम. रात्री उलटी आली तर तार तोडावी लागते, नाहीतर जीव गुदमरायचा. हे ऐकताना माझी दाढ कधी निघाली, खरंच कळलं नाही.

700 रुपये घेतले, उगं एक्स-रे काढायला लावला नाही. बाजाराच्या दिवशी मात्र जाऊ नका, मी दोन तास बाहेर बाकड्यावर होतो, अन् पंखा बंद.

सोमवारी टाके काढायचेत. एका जवानाची गोष्ट अर्धीच राहिली, ती खुर्चीत बसायच्या आधीच विचारून घेणार.