फॅट सेल्सवर काम करताय? हे अँटीबॉडी किट घ्या, पण त्यातलं अ‍ॅक्टिन बाजूला ठेवा

सहा महिने वेस्टर्न ब्लॉटसाठी (प्रोटीन्स जेलमध्ये वजनाप्रमाणे वेगळी करून मेम्ब्रेनवर उतरवायची, मग अँटीबॉडीने ओळखायची) वापरतेय. फॅट सेल बनताना दिसणाऱ्या प्रोटीन्ससाठी सहा अँटीबॉडीज (ठराविक प्रोटीनला चिकटणारे रेणू) येतात, पीपार-गॅमा, सी-ईबीपी अल्फा, एफएबीपी४, अ‍ॅडिपोनेक्टिन, पेरिलिपिन, फॅटी अ‍ॅसिड सिंथेज, आणि वर लोडिंग कंट्रोल म्हणून (सगळ्या नमुन्यांत सारखंच प्रोटीन घातलंय ना ते बघायला) बीटा-अ‍ॅक्टिन. माझ्या पेशी ३टी३-एल१ (उंदराच्या, फॅट सेल बनू शकणाऱ्या), पुण्याच्या एनसीसीएसमधून (राष्ट्रीय पेशी विज्ञान केंद्र) आणलेल्या, फॅट सेल बनवणारं आयबीएमएक्स-डेक्सा-इन्सुलिनचं नेहमीचं कॉकटेल दिलं की आठ-दहा दिवसांत तेलाच्या थेंबांनी गच्च भरतात.

या भरण्याच्या टप्प्यासाठी किट खरंच छान आहे. पीपार-गॅमाचे ५३ आणि ५७ किलोडाल्टनचे (प्रोटीनच्या वजनाचं एकक) दोन्ही बँड, म्हणजे पट्टे, सुटे दिसतात, बॅकग्राउंड जवळजवळ नाही. एफएबीपी४ मात्र जेमतेम १५ किलोडाल्टनचं, ०.४५ मायक्रॉनच्या मेम्ब्रेनमधून आरपार निघून जातं, माझे पहिले दोन ब्लॉट असेच गेले, ०.२ चंच घ्या. आणि सिंथेज २७३ चं, ते जेलमधून हलता हलत नाही, म्हणून ही दोन एकाच ब्लॉटवर करू नका.

आता अ‍ॅक्टिनबद्दल, कारण याचा मला मनापासून राग आहे. लांबट पेशी गोल होते तेव्हा आतला सांगाडाच बदलतो, अ‍ॅक्टिन आणि ट्युब्युलिन दोन्ही कमी होतात, हे १९८२ सालीच छापून आलंय. मग दिवस ० आणि दिवस ८ ला अ‍ॅक्टिनने भागलं की प्रत्येक प्रोटीनची वाढ आहे त्याहून जास्त दिसते. मी दोन महिने ते आकडे खरे धरून ग्राफ काढले, सरांना दाखवले, मग सगळं पुन्हा केलं. आता पॉन्सोने (सगळ्या प्रोटीन्सना लागणारा लाल रंग) रंगवून अख्ख्या लेनचं, म्हणजे एका नमुन्याच्या पूर्ण रांगेचं, प्रोटीन मोजते. किट बनवणाऱ्यांनी निदान माहितीपत्रकात एक ओळ लिहायला हवी होती ना!

पेशी उपाशी ठेवणार असाल तर हे पुरत नाही. सिरम-इन्सुलिन काढल्यावर सिंथेज उतरतं तेवढं कळतं, पण चरबी फोडायला सुरुवात करणारं एटीजीएल, जे उपाशीपणी वाढतं, तेच यात नाही. एचएसएल (चरबी फोडणारं दुसरं एन्झाइम) किती आहे यापेक्षा त्यावर फॉस्फेट चढलाय का ते महत्त्वाचं, तर फॉस्फो-एचएसएल पण नाही. पेरिलिपिनचंही तसंच, एकूण पेरिलिपिन बघून लायपोलिसिस (चरबी फोडणं) सुरू झालं की नाही ते सांगता येत नाही. हे सगळं वेगळं मागवावं लागलं.

५ पैकी ३.५. आणि हो, लायसेट (फोडलेल्या पेशींचं द्रावण) सेंट्रिफ्यूजमध्ये फिरवल्यावर वर पांढरा चरबीचा थर येतो, त्याच्या खालून सुईने काढा, तो मिसळला तर लेन वाकड्या पळतात.