दमास्कस सुरीची गेलेली नक्षी: एक पावसाळा आणि दोन बहारांनंतर

दमास्कस पात्यावरची पुसट झालेली नक्षी घरच्या घरी परत येते का, असं बरेच जण विचारतात. येते. मी ती गेल्या मे महिन्यात आणली. त्यानंतर अख्खा पावसाळा गेला, संत्र्याचा आंबिया बहार निघाला, आता संत्र्याच्याच मृग बहाराची तोड चालू आहे, आणि या सगळ्या काळात सुरी रोज हातात आहे. आमचं गाव वरूडच्या पट्ट्यातलं. घरात संत्रं असतंच; लिंबू, चिंच, अंबाडीची भाजी हेही नेहमीचं. मोठं चिरणं पावशीवर, म्हणजे विळीवर होतं, बाकी सगळं या सुरीवर. इतक्या आंबट स्वयंपाकात नक्षी कशी टिकते, ते मला सांगायचं आहे.

आजकाल मिळणाऱ्या बहुतेक दमास्कस सुऱ्यांमध्ये दोन पोलादांचे थर तापवून, ठोकून एकजीव केलेले असतात. एक साधं, जास्त कार्बनचं. त्यासाठी बरेचदा १०९५ वापरतात, त्यात सुमारे ०.९५ टक्के कार्बन असतो. दुसरं १५एन२०, त्यात सुमारे २ टक्के निकेल. आम्ल लागलं की पहिलं झिजतं आणि काळं पडतं, निकेलवालं उजळ राहतं. म्हणजे नक्षी पात्याच्या पोटातच असते, आम्ल ती फक्त वर आणतं. रोजची घासणी आणि वरचेवर धार लावणं यांनी तो काळा थर निघून जातो, उंचसखलपणाही घासला जातो, आणि पातं साध्या स्टीलसारखं दिसायला लागतं.

काही स्वस्त सुऱ्यांवर मात्र नक्षी लेसरने नुसती वर छापलेली असते. ती गेली की गेली. म्हणून आधी मुठीजवळचा छोटा कोपरा बारीक वॉटर पेपरने (पाणी लावून घासायच्या पॉलिश पेपरने) घासा, त्यावर पुढे सांगितलेल्या आम्ल द्रावणाचा एक थेंब काही मिनिटं ठेवा. रेषा उमटल्या तरच पुढे जा.

द्रावण म्हणजे फेरिक क्लोराइड. सर्किट बोर्डावरचं तांबं खायला इलेक्ट्रॉनिक्सवाले वापरतात तेच. मला नागपूरला सीताबर्डीत सुटे भाग विकणाऱ्या दुकानात तयार पातळ स्वरूपात मिळालं. खडे मिळाले तर ते थोडे थोडे पाण्यात टाकायचे, खड्यांवर पाणी ओतायचं नाही, कारण विरघळताना ते चांगलेच तापतात. आणि ज्यात सर्किट बोर्ड बुडवून झालेत असं कुणाचं उरलेलं द्रावण फुकट मिळालं तरी घेऊ नका. त्यातलं तांबं पात्यावर चढून बसतं.

एक भाग द्रावणाला तीन भाग पाणी, हे प्रमाण मला बरोबर वाटलं. आमच्या विहिरीचं पाणी क्षाराचं, त्याचे पांढरे डाग पडतात, म्हणून बॅटरीत घालायचं डिस्टिल्ड पाणी घेतलं. बाटली घेताना नीट बघा, शेजारीच बॅटरीचं ॲसिड ठेवलेलं असतं. भांडं धातूचं अजिबात नको. शेतातल्या पाइपलाइनचा उरलेला पीव्हीसी पाइपचा तुकडा घेऊन खाली एंड कॅप चिकटवली की उभं पातं बुडवायला त्याच्याइतकं सोयीचं भांडं नाही. हातात रबरी मोजे, डोळ्यांना चष्मा, काम अंगणात आणि पोरं लांब. कपड्यावर डाग पडला तर निघत नाही. सुरीला पितळी कडं किंवा पितळी खिळे असतील तर त्यावर नेलपॉलिशचे दोन हात द्या, नाहीतर द्रावण पितळ खाऊन टाकेल.

सगळ्यात जास्त वेळ घासण्याला द्या. ४०० नंबरचा वॉटर पेपर, मग ८००, मग १२००, आणि हात एकाच दिशेने, मुठीकडून टोकाकडे. आडवा ओरखडा राहिला तर आम्लात तो नक्षीपेक्षा ठळक दिसतो. मग भांड्यांच्या साबणाने धुवायचं, कोरडं करून ॲसिटोनने पुसायचं. त्यानंतर पात्याला बोट लावायचं नाही, बोटाचं तेल लागलं तिथे डाग राहतो.

बुडवण्याचे जे वेळ सांगितले जातात ते बहुधा थंड हवेतले असतात. आपल्याकडे मे महिन्यात पारा ४५च्या वर जातो आणि कोमट द्रावण फार जोरात खातं. म्हणून मी सकाळी लवकर काम केलं आणि एकदम बुडवून ठेवण्यापेक्षा थोडा थोडा वेळ बुडवलं. दर वेळी बाहेर काढून वरची काळी साय बारीक पेपरने हलकेच पुसायची आणि परत बुडवायचं. नख फिरवल्यावर रेषा जाणवायला लागल्या तेव्हा थांबले. पुढे इतके महिने नक्षी टिकली ती या खोलीवर. नुसतं काळं दिसलं म्हणून पहिल्या बुडीतच थांबलात तर महिन्याभरात परत तेच काम निघेल.

थांबल्यावर लगेच खायच्या सोड्याच्या पाण्यात, मग साध्या पाण्यात. त्यानंतर रात्रभर कडक, गार इन्स्टंट कॉफीत. चिकोरी न मिसळलेली घ्या, मिसळलेल्या पुडीत कॉफीच कमी असते. कॉफीतली सौम्य आम्लं कार्बनच्या थरांवर गडद काळा रंग धरतात आणि उजळ रेषा उजळच राहतात. पातं फार देखणं दिसतं.

आता वापराचं. पावसाळ्यात मला गंजाची धास्ती होती. पण पुसून, तेलाचं बोट फिरवून, सुती कापडात गुंडाळून ठेवली तर एक ठिपका आला नाही. चामड्याच्या म्यानात ठेवू नका, ते ओल धरून ठेवतं. तेल म्हणून आधी घरचं जवसाचं लावलं होतं. ते वाळून चिकट होतं आणि त्यावर धूळ बसते. मेडिकलमधलं लिक्विड पॅराफिन उत्तम, त्याला खवट वास येत नाही आणि ते खाण्यातलं आहे.

खरी परीक्षा संत्र्याने घेतली. रस आंबट, म्हणून काळेपणा कमी होणार हे ठाऊक होतं. पण सालीतलं तेलही पात्यावरचा तेलाचा हात धुऊन नेतं, मग रस थेट पोलादाला लागतो. आंबिया बहाराच्या तोडीपर्यंत कॉफीचा गडद रंग धारेजवळ राखाडी झाला होता. नक्षी मात्र जशीच्या तशी दिसते, कारण रंग गेला तरी रेषा पात्यात खोल आहेत. संत्रं कापल्यावर लगेच धुऊन, पुसून तेल लावलं तर हा राखाडीपणाही हळू येतो. ज्यांच्या घरी रोज लिंबू-चिंच आहे त्यांनी कायम काळ्याकुट्ट पात्याची अपेक्षा ठेवू नये. मला ही राखाडी छटा आवडते.

धारेजवळची पट्टी दर वेळी उजळ होणारच, त्याला उपाय नाही. धार दगडावरच लावा. आठवडी बाजारात बसणारे लोहारकाका स्वतःच म्हणाले, "ताई, याले चाकावर नोका लावू. गरम झालं का याचं पानी उतरून जाईन." पाणी म्हणजे पोलादाला दिलेला कडकपणा; पाणी उतरलेलं पातं नक्षीने कितीही सजलं तरी टोमॅटो कापत नाही.

सुरी बघून गावातल्या एका घरून जुनी कट्यार आली, तिलाही असंच करून द्या म्हणून. मी नाही म्हटलं. जुन्या हत्यारांचं पोलाद कधीकधी वूट्झ असतं, मुशीत वितळवून केलेलं. त्याचा जौहर, म्हणजे पात्यावरची नक्षी, थरांचा नसतो, एकाच पोलादातल्या कार्बाइडच्या बारीक कणांच्या रांगांचा असतो. त्यावर वॉटर पेपर फिरवणं म्हणजे ते खराब करणं. तशी वस्तू जाणकाराला दाखवा.

यंदा पावसाळ्याआधी मी फेरिक क्लोराइड काढणार नाही, फक्त कॉफीची रात्र पुन्हा देईन. उरलेलं द्रावण घट्ट झाकणाच्या प्लास्टिकच्या डब्यात, नाव लिहून, कुलपात आहे. ते बऱ्याचदा वापरता येतं. टाकायची वेळ आली तर त्यात खायचा सोडा थोडा थोडा घाला, फेस येतो म्हणून डबा मोठा घ्या. फेस थांबला की तांबूस गाळ खाली बसतो. तो नालीत किंवा विहिरीजवळ ओतू नका.