सांबरशिंगाची मूठ आणि सहाचा आकडा

जुने, अनेक पात्यांचे घडीचे चाकू जमवणाऱ्यांसाठी हे लिहितोय. माझे पैसे गेले ते गेले, निदान तुमचे तरी वाचावेत.

चाकू 'केस' या अमेरिकन कंपनीचा, स्टॉकमन नमुन्याचा. एका मुठीत तीन पाती: टोकदार क्लिप, सरळ धारेचं शीपफूट आणि बोथट टोकाचं स्पे. हे तिसरं जनावरांच्या खच्चीकरणासाठी, भलतीकडे टोचू नये म्हणून टोक मुद्दाम गोलसर. प्रत्येक पात्याला नेमून दिलेलं काम, हे मला या चाकूंचं सगळ्यात मोठं सौंदर्य वाटतं.

विक्रेत्याने सांगितलं, १९६५ ते १९६९ मधला आहे, मूठ अस्सल सांबरशिंगाची. पात्यावरचा कंपनीचा शिक्का जुळत होता: 'केस एक्सएक्स यू.एस.ए.', खाली ठिपके नाहीत. १९७० साली कंपनीने शिक्क्याखाली १० ठिपके द्यायला सुरुवात केली आणि पुढे दर वर्षी एकेक कमी केला, त्यामुळे ठिपके नसणं हीच जमेची बाजू. मी तेवढ्यावर भुललो. फोटो भरपूर होते, पण सगळे एकाच बाजूने काढलेले. मागची बाजू मागितली तर म्हणाला, "तिकडे काही नाही हो दादा, साधी बाजू आहे. दुसरं गिऱ्हाईक थांबलंय, लवकर सांगा." मी पैसे पाठवून दिले.

चाकू आल्यावर मोठ्या पात्याचं बूड, म्हणजे मुठीलगतचा बिनधारेचा भाग, उलटून भिंगाखाली धरलं. ६३४७. केसच्या या आकड्यांत पहिला अंक मुठीचा, दुसरा पात्यांच्या संख्येचा, उरलेले नमुन्याचे. तीन बरोबर, सत्तेचाळीस बरोबर. पण सहा म्हणजे हाड. सांबरशिंगाला पाच असतो. म्हणजे चाकू कारखान्यातून हाडाच्या मुठीचा निघाला होता, शिंग मागाहून कुणीतरी चढवलं. हाडाची मूठ कमी प्रतीची असते असं मुळीच नाही. तो चाकू मूळ रूपात मिळता तर मी आनंदाने घेतला असता. शिंगाला संग्राहक जास्त भाव देतात, म्हणून हा उद्योग.

मग नीट पाहत गेलो. शिंग जिथे बोल्स्टरला, म्हणजे मुठीच्या टोकाच्या धातूच्या तुकड्याला, भिडतं तिथे केसाएवढी फट, आणि ती पिवळट इपॉक्सी गोंदाने बुजवलेली. बोल्स्टर तिरप्या उजेडात धरला तर पातं ज्यावर फिरतं त्या पिनेभोवती बारीक वर्तुळ. कारखान्यात पिन आणि बोल्स्टर घासून असे एकजीव करतात की पिन कुठे आहे ते शोधावं लागतं. काढून पुन्हा ठोकलेली पिन बहुतेक वेळा अशी उघडी पडते. वर्तुळ स्पेच्या टोकाला होतं. ते पातं मिटल्यावर बाकीच्या दोघांपेक्षा खोल बसायचं, आणि उघडताना शेवटी येणारा खणखणीत 'टक्' त्याला नव्हताच. म्हणजे हे पातंही बदललेलं.

विक्रेत्याला सगळं फोटोंसह कळवलं. "जुना माल जसा आहे तसा," एवढं उत्तर आलं, नंतर तेही बंद.

आता मी बुडाच्या दोन्ही बाजू, दोन्ही बोल्स्टर आणि मिटलेली पाती वरून, एवढे फोटो आल्याशिवाय भावाचं बोलत नाही. टाळाटाळ झाली की तिथेच सोडून देतो, चाकू कितीही आवडलेला असो.

तो चाकू मी विकलेला नाही. वेगळ्या डबीत ठेवलाय, सोबत चिठ्ठी: 'मूठ बदललेली, स्पे बदललेलं.' माझ्यानंतर तो ज्याच्या हाती जाईल त्याला कुणी पुन्हा अस्सल म्हणून विकू नये.