फॅब लॅब, घरचा प्रिंटर की बाहेरचं जॉब वर्क?

प्रोटोटाइप, म्हणजे वस्तूचा पहिला नमुना, करायचा असला की तीन रस्ते दिसतात. घरी थ्रीडी प्रिंटर घ्यायचा, फाइल पाठवून बाहेरून काम करून घ्यायचं, नाहीतर फॅब लॅबचं, म्हणजे लेझर कटर, थ्रीडी प्रिंटर अशी मशीन असलेल्या सामायिक कार्यशाळेचं, सभासद व्हायचं. मी तिन्ही करून पाहिलंय. सध्या बहुतेक काम लॅबमध्ये करतो; तुमचं काम वेगळं असेल तर हिशेबही वेगळा निघेल, हे आधीच सांगून ठेवतो.

घरच्या प्रिंटरबद्दल फार बोलत नाही. वस्तू तळहातावर मावणारी आणि सगळी प्लॅस्टिकचीच असेल, तर त्याच्यासारखं सुख नाही. रात्री उशिरा काही सुचलं की लगेच प्रिंटला लावता येतं. गोम अशी की प्रिंटर हाताशी असला की सगळं प्रिंटच करावंसं वाटतं. लेझर कटरवर काही मिनिटांत निघणारं सपाट पॅनेल तासन्‌तास प्रिंट करत बसतो आणि शेवटी त्याचे कोपरे उचललेले असतात. प्रिंटरचं नेहमीचं प्लॅस्टिक, पीएलए, ६० अंशांच्या आसपास मऊ पडतं ते वेगळंच.

बाहेरच्या जॉब वर्कची बाजू भक्कम आहे. मशीन चांगलं, हात सरावलेला, पन्नास नग सांगितले तर पन्नास सारखे. माझं बिनसलं ते खाचेवरून.

अ‍ॅक्रिलिकचं खोकं, स्क्रू नाही, गोंद नाही, नुसत्या एकमेकांत बसणाऱ्या खाचा. शीटवर ३ मिमी लिहिलेलं असतं. जाडी मोजायचा कॅलिपर लावला की २.८ भरते, कधी एकाच शीटच्या दोन कडा वेगळ्या. त्यात लेझर स्वतः रेषेवरचं थोडं साहित्य खातो. या कापाच्या रुंदीला कर्फ म्हणतात; तो लेन्स, वेग, पॉवर यांप्रमाणे बदलतो. म्हणजे खाच किती ठेवायची हे ठरवायला ती नेमकी शीट आणि ते नेमकं मशीन, दोन्ही समोर हवं. बाहेर काम दिलं की दोन्ही त्यांच्याकडे आणि कॅलिपर माझ्याकडे. विचारलं तर उत्तर येतं, ‘फाइलप्रमाणे कापून देऊ.’ त्यांचंही बरोबर आहे, दुसऱ्याच्या खाचेची काळजी त्यांनी का करावी? पण खोकं येतं, खुळखुळतं, मी ०.१ मिमीचा बदल करतो आणि फाइल पुन्हा रांगेत जाऊन बसते. पुढच्या खेपेला शीट दुसऱ्याच लॉटमधली. एवढ्याशा फरकासाठी वाट पाहत बसणं मला काही जमेना.

लॅबमध्ये त्याच शीटच्या कडेला आधी एक चाचणीपट्टी कापतो: २.५, २.६, २.७ अशा चढत्या खाचा. दुसरा तुकडा एकेका खाचेत दाबून बघायचा. अंगठ्याचा जोर लागतो आणि उलटं धरून हलवलं तरी तुकडा पडत नाही, तो आकडा आपला. डिझाइन पॅरामेट्रिक, म्हणजे मापं एकमेकांना जोडलेलं, असेल तर एक संख्या बदलली की सगळ्या खाचा बदलतात. तसाच उठून खोकं कापायला लावायचं.

विद्यार्थ्यांसाठी तर मला यात फारसा प्रश्नच वाटत नाही. शेजारच्या टेबलावरचा माणूस ‘हे पीव्हीसी तर नाही ना?’ असं विचारतो, तेव्हाच कळतं की लेझरखाली त्यातून हायड्रोजन क्लोराइड निघतो आणि फुप्फुसांबरोबर मशीनचीही वाट लागते. फॅब लॅब मूळच्या अमेरिकेतल्या एमआयटीच्या; तिच्याबाहेरची पहिली २००२ मध्ये पुणे जिल्ह्यातल्या पाबळच्या विज्ञान आश्रमात, म्हणजे हातानं काम करत शिकण्याच्या जागीच सुरू झाली, ते उगाच नाही.

स्टार्टअपवाल्यांनी मात्र फॅब लॅबची सनद, म्हणजे या लॅबची सामायिक नियमावली, आधी वाचावी. धंद्याची सुरुवात लॅबमध्ये करायला मुभा आहे, पण इतरांच्या वापराच्या आड यायचं नाही आणि वाढायचं ते लॅबच्या बाहेर. डिझाइन विकता येतं, तरी इतरांना वापरायला आणि शिकायला ते खुलं राहावं अशी अपेक्षा असते. सगळं चारचौघांत चालतं, म्हणून पेटंटचा विचार असेल तर आधी अर्ज करा, मग मशीनवर बसा. आणि ऑर्डर पन्नास-शंभरावर गेली की सरळ जॉब वर्ककडे जा. तोवर खाचेचा आकडा तुमच्या हातात असेल, फक्त शीट त्याच लॉटची आग्रहानं मागा.

सभासद होण्याआधी दोन गोष्टी विचारा: स्वतःची शीट आणू देतात का, आणि प्रशिक्षणानंतर मशीन स्वतः चालवू देतात का. दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर ‘नाही’ असेल, तर ते नाव बदललेलं जॉब वर्कच. रांग इथेही असते. सबमिशनच्या आठवड्यात लेझर मिळेल ही आशा सोडा; त्या दिवसांत पीसीबी मिलिंग, म्हणजे सर्किट बोर्ड कोरण्याचं काम, उरकून घ्यावं, तिकडे सहसा कोणी नसतं.